चिनी पाकशब्द आणि खानदेशी चूल

धुळ्याच्या आग्रा रोडवर किंवा जळगांवच्या एखाद्या गजबजलेल्या चौकांत दिवेलागणीनंतर उभें राहिलें, कीं तांबड्या अक्षरांच्या पाट्या लावलेल्या दोनचार हातगाड्या दृष्टीस पडतातच. मोठा जाळ, काळीकुट्ट कढई, पळीचा खणखणाट आणि पाटीवर नांवें : हक्का नूडल्स, शेजवान राइस, मंचुरियन, चॉप्सी. परवां अशाच एका गाडीपुढें माझ्या आठ वर्षांच्या भाचीनें मला विचारलें, "मामा, शेजवान म्हणजे काय?" मीं तो प्रश्न गाडीवाल्याकडे पाठविला. कढईवरची दृष्टि न काढतां तो म्हणाला, "शेजवान म्हणजे तिखट, भाऊ." उत्तर चुकीचें होतें; पण सर्वस्वीं चुकीचें होतें असें मला म्हणवत नाहीं. तें कां, हें सांगण्यासाठीं आज थोडा वेळ मीं मागून घेतला आहे.

शेजवान हें चवीचें नांव नव्हे, प्रांताचें नांव आहे. चीनच्या नैर्ऋत्येकडील सिचुआन प्रांताचें नांव इंग्रजींत पूर्वी ज्या तऱ्हेनें लिहीत, त्यावरून आपल्याकडे त्याचा शेजवान झाला. या प्रांताच्या स्वयंपाकाची खूण सांगणारा चिनी शब्द मात्र निराळा आहे. तो म्हणजे 'मा-ला'. त्यांतील 'ला' म्हणजे तिखट, आणि 'मा' म्हणजे जिभेवर उमटणारी बधिरता, मुंग्या आल्यासारखी चुणचुण. ही चुणचुण मिरचीची नव्हे. 'ह्वा-जिआव' नांवाच्या एका लहानशा लालसर फळाच्या सालीची ती करामत आहे. या नांवाचा शब्दशः अर्थ 'फुलमिरें'. इंग्रजी पुस्तकांत त्याला सिचुआनी मिरें म्हणतात. पण आपल्या मिऱ्याच्या वेलाशीं या झाडाचें कोणतेंहि नातें नाहीं.

येथें मराठी भाषांतरकारानें मात्र डोकें खाजविण्याचें कारण नाहीं. कोंकणांत बांगड्याच्या कालवणांत जें तिरफळ घालतात, तें याच ह्वा-जिआवचें भावंड आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ दोघांनाहि झॅन्थोझायलम या एकाच प्रजातींत घालतात. दोन्हींची साल वापरावयाची आणि आंतलें काळें बीं टाकून द्यावयाचें, दोन्हींनीं जीभ तशीच चुणचुणते. ज्या अर्थासाठीं इंग्रजीला एका संबंध वाक्याचा आधार घ्यावा लागतो, त्यासाठीं आपल्या भाषेंत घरचा शब्द पडून आहे. दुर्दैव एवढेंच, कीं तो सह्याद्रीच्या पलीकडचा. आमच्या खानदेशांतल्या मसाल्याच्या डब्यांत त्याची वस्ती नाहीं.

हातगाडीवरच्या शेजवान चटणींत लाल मिरची, लसूण आणि आलें असतें. ह्वा-जिआव सहसा नसतेंच. म्हणजे 'मा-ला' या जोडीपैकीं 'मा' वाटेंतच राहिली आणि 'ला' तेवढी आमच्या गांवीं पोंचली. गाडीवाल्यानें जें पोंचलें त्याचें भाषांतर केलें. तें अचूक होतें.

या 'जिआव' शब्दाची एक गंमत सांगण्यासारखी आहे. चिनी भाषेंत तो मुळांत फुलमिऱ्याचाच शब्द. पुढें बाहेरच्या देशांतून काळें मिरें आलें, तेव्हां त्यांनीं त्याला 'हू-जिआव' म्हटलें, म्हणजे परक्यांचें जिआव. सोळाव्या शतकांत अमेरिकेंतली मिरची समुद्रमार्गें तेथें पोंचली, तेव्हां तिला 'फान-जिआव', पुन्हा परदेशी जिआवच. चिनी ग्रंथांत मिरचीचा पहिला उल्लेख १५९१ सालचा समजतात. त्याच शतकांत पोर्तुगीजांबरोबर ती आपल्या किनाऱ्यावर उतरली आणि आपण मिऱ्यावरून तिचें नांव मिरची ठेवलें. दोन देश, एकमेकांना न विचारतां, नव्या पाहुणीला जुन्या ओळखीचें नांव देऊन मोकळे झाले. नंदुरबारच्या बाजारांत लाल मिरच्यांचे डोंगर पाहतांना ही बाई खानदेशांत चारपांचशें वर्षांपूर्वी नव्हती, हें कोणाला खरें वाटणार नाहीं.

आतां भाषांतराचाच विषय निघाला आहे, तर या कलेंतील एका थोर चिनी पुरुषाला बोलावूं. ह्युएन त्संग हा भिक्षु इसवी सन ६४१ च्या सुमारास महाराष्ट्रांत आला होता. तेव्हां येथें दुसरा पुलकेशी राज्य करीत होता. त्याच्या प्रवासवृत्तांतांत एका अंधाऱ्या दरींतील, डोंगर कोरून केलेल्या विहाराचें वर्णन आहे, दारापुढें दगडी हत्ती असल्याचा उल्लेख आहे. आणि हें वर्णन अजिंठ्याचें, असें बहुतेक विद्वान् मानतात. जळगांवाहून अजिंठा जेमतेम साठ किलोमीटर. तेव्हां या गृहस्थाला आमचा शेजारी म्हणण्यास हरकत नसावी. याच ह्युएन त्संगानें लिहून ठेवलें आहे, कीं पंजाबांत चीनभुक्ति नांवाच्या मुलखांत पीच या फळाला 'चीनानी' आणि नासपतीला 'चीनराजपुत्र' म्हणत. कनिष्काच्या वेळीं ओलीस ठेवलेल्या एका राजपुत्रानें तीं फळें तेथें आणलीं, अशी त्या लोकांची समजूत होती. चिनी खाद्याचें भारतीय नामकरण म्हणून याहून जुनीं उदाहरणें फारशीं सांपडणार नाहींत.

परत गेल्यावर त्यानें उरलेलें आयुष्य संस्कृत ग्रंथांच्या चिनी भाषांतरांत घालविलें. कोणते शब्द भाषांतरित करूं नयेत, याविषयीं त्याच्या नांवावर पांच नियम सांगितले जातात. बाराव्या शतकांतील एका चिनी बौद्ध शब्दकोशाच्या प्रस्तावनेंत ते नोंदलेले आहेत. गूढ मंत्र भाषांतरूं नयेत. 'भगवान्' सारखा एकाच पोटांत अनेक अर्थ बाळगणारा शब्द भाषांतरूं नये. जी वस्तुच चीनमध्यें नाहीं तिचें नांव जसेंच्या तसें ठेवावें. पूर्वसूरींनीं मूळ रूपांत रूढ केलेला शब्द बदलूं नये. आणि 'प्रज्ञा' सारखा शब्द मूळ रूपांत ऐकल्यानें मनांत जो आदर उपजतो, तो साध्या पर्यायानें नाहींसा होत असेल, तर तोहि तसाच ठेवावा. तिसऱ्या नियमाचें उदाहरण म्हणून जो शब्द दिला आहे तो ऐकून खानदेशी माणसास हंसूं येईल. तो आहे जंबू, म्हणजे आपलें रस्त्याकडेचें जांभूळ!

हे नियम बौद्ध सूत्रांसाठीं केलेले. पण स्वयंपाकघरांत ते इतके चपखल बसतात, कीं ह्युएन त्संगाला मुदपाकखान्याची थोडी माहिती असावी अशी शंका येते. 'चहा' हा शब्द आपण चिनी 'छा' वरून घेतला आणि आतां त्याचें भाषांतर कोणी सुचविलें तर त्याला वेड्यांत काढतील; हा चौथा नियम. 'डौफू', ज्याला आपण टोफू म्हणतों, तें सोयाबीनच्या दुधाचें विरजल्यासारखें केलेलें पनीर, वस्तु आपली नव्हे, तेव्हां नांव तसेंच राहूं द्यावें, हा तिसरा. आणि पांचवा नियम पाळण्यांत तर आमचे उपाहारगृहवाले ह्युएन त्संगाच्याहि पुढें आहेत. 'चॉप्सी' म्हणजे मूळ 'त्सा-स्वेइ', अर्थ 'नाना तुकड्यांची सरमिसळ'. कँटनकडून अमेरिकेंत गेलेल्या चिनी मजुरांनीं एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत हा पदार्थ तिकडे रूढ केला. त्याचें सरळ मराठी भाषांतर होतें 'मिसळ'. पण पाटीवर 'अमेरिकन मिसळ' लिहिलें, तर जो मान आणि जो भाव 'अमेरिकन चॉप्सी' ला मिळतो तो कोण देईल?

'मंचुरियन' ची कथा याहून नवलाची. मांचुरिया हा चीनचा ईशान्य भाग. तेथें या पदार्थाला कोणी ओळखत नाहीं. कलकत्त्याकडून मुंबईस आलेले चिनी वंशाचे पाककुशल गृहस्थ नेल्सन वांग यांनीं १९७५ सालीं क्रिकेट क्लब ऑफ इंडियाच्या स्वयंपाकघरांत आलें, लसूण, हिरवी मिरची यांच्या फोडणींत गरम मसाल्याऐवजीं सोयाबीनचा रस घालून हा पदार्थ सिद्ध केला, असें सांगतात. म्हणजे हा मुंबईचा मुलगा, नांव मात्र दूरदेशचें. यांत चिनी माणसांची थट्टा करण्यासारखें कांहीं नाहीं. 'कोल्हापुरी' नांवाची जी लालभडक भाजी मुंबईपुण्याच्या हॉटेलांत वाढतात ती कोल्हापुरांतल्या कोणत्या घरांत शिजते, याचा शोध मला अद्याप लागलेला नाहीं. आणि 'खानदेशी' अशी पाटी लावलेल्या ताटांतहि कधीं कधीं आम्हां खानदेशी लोकांचीच ओळख पटविण्याची पाळी येते. 'हक्का' हा मात्र खरा शब्द आहे. 'पाहुण्यांचीं कुटुंबें' असा त्याचा अर्थ. उत्तरेकडून दक्षिण चीनमध्यें येऊन राहिलेल्या लोकांना तेथल्या जुन्या रहिवाशांनीं दिलेलें हें नांव. यांतलेच पुष्कळ लोक पुढें कलकत्त्यास आले, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांच्या शेवयाहि आल्या.

शब्दाचा अर्थ लावतांना त्याच्या अक्षरांवर फार विश्वास ठेवूं नये, हें चिनी पाकशास्त्र शिकवितें. 'वोनटोन' या पदार्थाचें नांव कँटनकडे ज्या दोन अक्षरांनीं लिहितात त्यांचा अर्थ 'ढग गिळणें'. रशांत तरंगणाऱ्या पांढऱ्या पुडीला नांव किती सुरेख! पण मूळ शब्द 'हुन-तुन' हा निराळा आणि जुना; ढग हे मागाहून उच्चारसाम्यानें आले. 'दिम-सम' चा शब्दशः अर्थ 'हृदयाला स्पर्श' असा देऊन कित्येक लेखक गहिंवरतात. व्यवहारांत त्याचा अर्थ इतकाच, कीं मधल्या वेळचें थोडेसें खाणें. आपला 'फराळ' हा शब्द फलाहारावरून आलेला. उद्यां एखाद्या चिनी पंडितानें दिवाळीच्या फराळाचें भाषांतर 'फळें खाणें' असें केलें, तर चकली, करंजी आणि अनारसे यांनीं कोठें जावें?

धुळ्यास हें बोलतांना इतिहासाचार्य राजवाड्यांची आठवण न होणें शक्य नाहीं. आयुष्याच्या अखेरीस ते धुळ्यांत होते, ३१ डिसेंबर १९२६ रोजीं येथेंच त्यांचा अंत झाला, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ येथें उभें आहे. धातु आणि व्युत्पत्ति यांवर त्यांनीं केलेलें प्रचंड काम त्यांच्या पश्चात् कोशरूपानें प्रसिद्ध झालें. त्यांच्या कांहीं व्युत्पत्ति पुढच्या पंडितांना पटल्या नाहींत हें खरें. पण शब्दाचा शोध धातूपासून, म्हणजे क्रियेपासून घ्यावयाचा, हा त्यांचा रोख मला या विषयापुरता तरी अगदीं योग्य वाटतो. पदार्थाचें नांव लहरी असतें. क्रिया सहसा खोटें बोलत नाहीं.

चिनी पाकक्रियांची संपत्ति अग्नीची आहे. तळणें, वाफविणें, उकळणें, भाजणें, मंद आंचेवर मुरविणें, या क्रियांचीं चिनी अक्षरें पाहिलीं, तर बहुतेकांत एका बाजूस अग्नीची खूण असते किंवा खालीं चार ठिणग्यांसारखे चार ठिपके असतात. हातगाडीवर आपण पाहतों ती क्रिया 'छाव'. 'चाऊमिन' मधला 'चाऊ' हाच. 'मिन' म्हणजे कणीक किंवा कणकेच्या शेवया. या 'छाव' चें इंग्रजी भाषांतर करतांना एका बाईंना फार कष्ट पडले. डॉ. यांग बूवेई या टोकियोस वैद्यक शिकलेल्या चिनी विदुषी; त्यांचे पति चाओ युआन रेन हे नामांकित भाषाशास्त्रज्ञ. बाईंनीं १९४५ सालीं अमेरिकेंत चिनी स्वयंपाकावर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केलें. इंग्रजींत कढईंतल्या तेलाचा संबंध आला कीं एकच शब्द, 'फ्राय'. तेल थोडें, जाळ मोठा, पदार्थ आधींच बारीक चिरलेला, हात एकसारखा चालता आणि सारें काम कांहीं क्षणांत पुरें, इतका अर्थ त्यांत कोठून मावणार? त्यांनीं 'स्टिर-फ्राय' असा नवा जोडशब्द घडविला. आज तो इंग्रजी कोशांत मानानें बसला आहे.

मराठी गृहिणीला हा जोडशब्द घडवावा लागला नसता. तिच्याजवळ 'परतणें' आहे. थोड्या तेलावर, उलथण्यानें, खालवर करीत. छाव याहून वेगळें काय करतो? फरक आहे तो आंचेचा आणि हेतूचा. आपण कांदा परततों, मसाला परततों, आणि मग पाणी घालून झांकण ठेवतों. परतणें ही आपल्याकडे वाटेंतली पायरी आहे. चिनी स्वयंपाकांत तेथेंच पदार्थ संपतो. म्हणून 'मोठ्या जाळावर झटपट परतणें' असें म्हटलें कीं काम भागतें. नवा शब्द घडविण्याची हौस मला तरी येथें अनाठायीं वाटते.

परकीय वाटणाऱ्या या पाकशास्त्राचा आपल्या घरांत पूर्वींपासूनच किती शिरकाव आहे, हें सहसा ध्यानांत येत नाहीं. काळ्या मसाल्यांतली दालचिनी घ्या. फारशी भाषेंत 'दार-चिनी' म्हणजे चिनी लांकूड. लोणचें घालावयाचें तें चिनी मातीच्या बरणींत. उत्तरेकडे साखरेला 'चीनी' म्हणतात. पण तांग सम्राट् ताइत्सुंग यानें ६४७ च्या सुमारास मगधास माणसें पाठवून साखर करण्याची कृति शिकून घेतली, अशी खुद्द चिनी इतिहासांतच नोंद आहे. ज्यांनीं शिकविलें त्यांनींच शिष्याचें नांव आपल्या मालाला लावून घेतलें! मराठीनें मात्र 'शर्करा' वरून आलेली साखर सोडली नाहीं.

आणि जळगांवकरांना विशेष म्हणजे केळें. यावल-रावेरच्या बागांत एके काळीं 'बसराई' या ठेंगण्या जातीचें राज्य होतें. आतां बव्हंशीं 'ग्रँड नैन' आली आहे. या दोन्ही जाती ज्या कॅव्हेंडिश कुळांतल्या, तें मूळचें दक्षिण चीनच्या बाजूचें. तेथून तें मॉरिशसला आणि १८३० च्या सुमारास इंग्लंडला गेलें. तेथें डेव्हनशरच्या ड्यूकच्या कांचघरांत त्याचा माळी जोसेफ पॅक्सटन यानें तें वाढविलें, आणि मालकाचें घराणें कॅव्हेंडिश म्हणून केळ्याचें कूळहि कॅव्हेंडिश. तेव्हां फळ चीनचें, आडनांव इंग्रज उमरावाचें, 'बसराई' ऐकतांच बसरा शहर डोळ्यांपुढें येतें, आणि 'ग्रँड नैन' तर फ्रेंच. तिचा अर्थ 'मोठी बुटकी'! असल्या नांवाचें भाषांतर कोणीं करूं नये, असा सहावा नियम ह्युएन त्संगानें खुशाल घातला असता.

चिनी भाषा अग्नीनें श्रीमंत, तशी आमची कशानें? खानदेशी चुलीपाशीं बसून मीं हा विचार केला, तेव्हां ध्यानांत आलें, कीं आमची श्रीमंती दगडालांकडाची आहे. दळणें, भरडणें, कांडणें, कुटणें, ठेचणें, चेचणें, वाटणें, घोटणें. यांतला एकहि शब्द दुसऱ्याच्या जागीं चालत नाहीं. भरताचीं वांगीं कपाशीच्या पऱ्हाट्यांवर भाजतात आणि लांकडी बडगींत हिरव्या मिरचीलसणीसह ठेचतात. तेंच वांगें शिजवून घोटलें, तर ती लग्नकार्यांतली घोटलेली भाजी होते. ज्वारीबरोबर उडीद दळून केली ती कळण्याची भाकरी. पण हाच 'कळण' शब्द कोंकणांत आणि गोव्यांत उच्चारला तर पुढें मुगाचें पातळ सार येतें. मग मराठींतून मराठींत भाषांतर करण्याची वेळ येते. फुणके म्हणजे 'वाफविलेले डाळीचे गोळे', डुबुकवड्या म्हणजे 'रशांत सोडलेल्या बेसनाच्या वड्या', असे पर्याय छापील पुस्तकांत देतात. ते खोटे नाहींत. पण उकळत्या रशांत वडी पडतांना होणारा आवाज त्या दुसऱ्या नांवांत ऐकूं येत नाहीं. खापरावरच्या मांड्यांचें तेंच. बाराव्या शतकांतल्या सोमेश्वर राजाच्या मानसोल्लासांत 'मंडक' आहे. खापर हा शब्द संस्कृत 'खर्पर' पासून. पालथ्या घातलेल्या मातीच्या भांड्यावर, हातावर फिरवून पसरट केलेली पुरणाची पोळी टाकणें, हें 'तव्यावर भाजावी' या दोन शब्दांच्या तव्यांत मावत नाहीं, कारण तवा दोनच अक्षरांचा आणि खापर आमच्या आजीच्या सबंध ओसरीएवढें!

यावल तालुक्यांत माझी एक मावशी आहे. तिची सून पुण्यास असते. सुनेनें भरताची कृति लिहून मागविली. मावशीच्या मनांत आलें, पुण्याच्या मुलीला आपली बोली कळावयाची नाहीं. म्हणून तिनें 'बडगी' खोडून 'भांडें' लिहिलें आणि 'ठेचावीं' च्या जागीं 'वाटून घ्यावीं' असा शुद्ध शब्द घातला. सुनेनें आज्ञेबरहुकूम यंत्रांत वाटून घेतलें. जें तयार झालें तें खळीसारखें गुळगुळीत होतें. धुराचा वास होता, पण वांग्याचा रेषा कोठें लागेना. तिनें विचारलें, "माझें काय चुकलें?" तिचें कांहींच चुकलें नव्हतें. पत्रांतल्या शब्दांत जेवढें होतें तेवढें तिनें केलें होतें, त्या गाडीवाल्यासारखेंच.

मावशीनें पुन्हा पत्र लिहिलें नाहीं. पुढच्या खेपेस गांवाहून कोणी पुण्यास निघालें, तेव्हां त्याच्याबरोबर पांच वांगीं, मूठभर लसूण आणि एक जुनी, आंतून काळपट झालेली बडगी तिनें फडक्यांत बांधून पाठवून दिली.